मोकळ्या फोनचे पौनीकरजी

पौनीकरजींच्या दुकानात फोन घ्यायचा तर एक अट असायची. पैसे देण्याआधी गिऱ्हाइकाने आपलं स्वतःचं सिमकार्ड त्या नव्या फोनमध्ये घालायचं आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून एक फोन लावायचा. कोणालाही लावा, पण तो लागला पाहिजे, पलीकडून माणूस बोलला पाहिजे आणि आवाज नीट येतो असं गिऱ्हाइकाने मान हलवून सांगितलं पाहिजे. तोवर पौनीकरजी पैशांना हात लावायचे नाहीत.

“डब्ब्याचे पैसे घेत नाही आपन,” ते म्हणायचे, “बोलन्याचे घेतो.”

या अटीपायी त्यांचं नुकसान होताना मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकदा एक ट्रान्सपोर्ट ऑफिसातला कारकून बायकोसाठी फोन घ्यायला आला. तिच्या वाढदिवसाला गुपचूप द्यायचा होता. पौनीकरजींनी फोन त्याच्या हातात ठेवला. “लावा.”

“कोनाले लावू? जिले द्यायचा तिलेच तर सांगायचं नाही.”

“मंग दुसऱ्या कोनाले लावा.”

त्याला दुसरं कोणी सुचेना. शेवटी त्याने बायकोच्या जुन्या बटणाच्या फोनवरच लावला. पलीकडचा आवाज पायरीवरून आत बसलेल्या आम्हा सगळ्यांना ऐकू आला. “फोन? कोनता फोन? सिलिंडर संपून दोन दिवस झाले अन् तुमी फोन घेऊन राहिले? घरी या आधी!” माणूस आपलं सिम काढून, कोणाकडेही न बघता निघून गेला.

“पौनीकरजी, गिऱ्हाईक गेलं ना हो,” मी म्हणालो.

“गेलं नाही गा. वाचलं,” ते म्हणाले आणि गदगदा हसले.

त्यांचा आवाज मोठा होता. डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून असेल. मोबाइल येण्याआधी पंचवीस वर्षं त्यांनी रेडिओ दुरुस्त केले. रेडिओ कानाशी धरून धरून तो कान गेला असं ते सांगत. महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं, दोन माणसं आत बसली की तिसऱ्याने पायरीवर उभं राहायचं, एवढं. उंच, काटक माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला निळ्या शाईचं पेन. तिशीतला माणूस असो की साठीतला, प्रत्येकाला ते तीन प्रश्न विचारत. घर कुठं? घरात कोणत्या कंपनीचं नेटवर्क लागतं? आणि सगळ्यांत जास्त फोन कोणाला करता? तिसऱ्या प्रश्नाला तरुण पोरं लाजायची. पौनीकरजी गंभीरपणे म्हणायचे, “तिचं गाव सांग. नाव नको सांगू.”

मी त्या वेळी एका मोबाइल कंपनीत विक्री अधिकारी होतो. महाल आणि आसपासची दुकानं माझ्याकडे होती. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर मी आपलं काही तिच्यावर ढकलतो आहे असं होईल.

दुकानात येणाऱ्या प्रत्येक फोनच्या खोक्यावर पौनीकरजी निळ्या पेनाने दोन आकडे लिहीत. वर फोनची किंमत आणि खाली ‘दोन वर्षांचा भाव’. दोन वर्षांचा भाव म्हणजे फोनची किंमत अधिक त्या फोनवर दोन वर्षं लागणारं रिचार्ज. कंपन्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगण्यात त्यांना विलक्षण आनंद व्हायचा. “आपल्या वर्षाचे महिने बारा. कंपनीच्या वर्षाचे तेरा. देवानं बी अधिक महिना तीन वर्षांतून एकदा देल्ला, यायनं दरवर्षी घेतला!”

धरमपेठेतले एक निवृत्त प्राध्यापक एकदा त्यांच्याशी वाद घालायला आले होते. त्यांच्या घराजवळच्या शोरूममध्ये तोच फोन अडीच हजारांनी स्वस्त होता, कारण तो एका कंपनीपुरता बंद केलेला होता. त्या कंपनीचं सिम घाला तरच चालणार. महालातल्या या माणसाकडे मोकळा फोन महाग का, हे प्राध्यापकांना तत्त्वतः समजून घ्यायचं होतं.

“तिथं स्वस्त नाही सर, तिथं अर्धा आहे,” पौनीकरजी म्हणाले. “अर्धा तुमाले देल्ला, अर्धा कंपनीनं आपल्यापाशी ठेवला.”

“पण मालकी तर माझीच ना?”

“घर तुमच्या नावावर अन् किल्ली बिल्डरपाशी. राहाल का तुमी?”

प्राध्यापकांनी मोकळा फोन घेतला. पायरीवर उभं राहून पुण्याच्या मुलीला फोन लावला आणि तिला पहिलं वाक्य हेच सांगितलं. पुढे महिन्यातून एकदा ते नुसतं बोलायला म्हणून धरमपेठेहून महालात यायचे.

‘मोकळा’ आणि ‘बांधलेला’, हे दोन शब्द पौनीकरजींचे. आमच्या कागदांवर इंग्रजीत भारदस्त नावं होती, पण महालातली सगळी दुकानं त्यांचेच शब्द वापरत. पौनीकरजी बांधलेला फोन दुकानात ठेवत नव्हते. पायरीवरच्या परीक्षेत तो बसतच नव्हता, कारण गिऱ्हाइकाचं स्वतःचं सिम घातलं की पडद्यावर एक ओळ यायची आणि फोन मुका व्हायचा. ते ठेवत नाहीत म्हणून बाकीचेही ठेवत नव्हते. नवा माल आला की आजूबाजूचे दुकानदार आधी विचारत, “पौनीकरनं घेतला का?”

माझा त्यांच्याकडे जायचा दिवस मंगळवार. जेवणाच्या वेळी पोचलो की ते डबा उघडत आणि मला बसवून घेत. आधी मी नको नको म्हणायचो. दोन-तीन मंगळवार गेल्यावर डब्यात दोन पोळ्या जास्त येऊ लागल्या. काकूंना मी तोवर पाहिलंही नव्हतं. कांदा ते मुठीने फोडत आणि मोठा भाग माझ्याकडे सरकवत. मी या कंपनीत नवा होतो, तेव्हा महालात कोणी मला उभं करत नव्हतं. पौनीकरजी स्वतः उठून माझ्याबरोबर सहा दुकानं फिरले होते. “आपला पोरगा आहे, खोटं नाही बोलत,” असं त्यांनी प्रत्येक ठिकाणी सांगितलं. मी तेव्हा चाळिशीला आलेला, केस विरळ झालेला माणूस होतो, तरी त्यांच्या लेखी पोरगाच.

मग आमच्या कंपनीने एक नवा बांधलेला फोन आणला.

बाजारात तोच फोन मोकळा सहा हजार चारशे नव्याण्णवला होता. आमचा शिक्का असलेला बांधलेला फोन तीन हजार नऊशे नव्याण्णवला. कारखाना एक, रंग एक, सगळं एक. फक्त आमच्या फोनवर आमचंच सिम आणि त्यावर कमीत कमी दोनशे नव्याण्णवचं रिचार्ज. मोकळ्या फोनवर माणूस एकशे एकोणपन्नासमध्ये भागवू शकत होता. पौनीकरजींनी खोक्यावर आकडे मांडले. मोकळ्याचा दोन वर्षांचा भाव दहा हजार तीनशे त्र्याहत्तर, बांधलेल्याचा अकरा हजार सातशे त्र्याहत्तर. “चौदाशे रुपये जास्त देऊन वर बांधून घ्यायचं,” ते म्हणाले आणि खोकं माझ्याकडे परत सरकवलं. “राहू दे, अविनाशबाबू. जेव.”

त्या तिमाहीत आमच्या साहेबांनी बैठकीत नकाशावर बोट ठेवलं. “महाल शून्य आहे. पुढच्या वेळीही शून्य असेल तर तुम्ही रायपूरला.” माझी मुलगी दहावीत होती. आईचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. ही कारणं मी पुष्कळदा स्वतःला सांगितली आहेत. ती खरी आहेत आणि पुरी पडत नाहीत.

त्याच बैठकीत एक परिपत्रक मिळालं. एका वर्षानंतर गिऱ्हाइकाने मागितलं तर फोन मोकळा करून मिळेल. खाली बारीक अक्षरात अट होती: तेराही रिचार्ज एका दिवसाचाही खंड न पडता झालेले हवेत. एकदा खंड पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

त्या अटीचा अर्थ मला बैठकीतल्या कोणाहीपेक्षा जास्त कळत होता, कारण मी मंगळवारी पौनीकरजींच्या दुकानात बसायचो. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे हातमागावर काम करणारे, कन्हानकडच्या खाणीतले कंत्राटी मजूर, घरोघरी पोळ्या करणाऱ्या बाया. रिचार्ज संपलं की चार दिवस फोन बंद. “पगार झाला का करतो,” “बाजार झाला का करते.” असं मी शंभरदा ऐकलं होतं. यांच्यातला एकही माणूस सलग तेरा रिचार्ज करणार नव्हता. परिपत्रक लिहिणाऱ्यालाही बहुधा हे ठाऊक असावं.

पुढच्या मंगळवारी डबा उघडल्यावर मी म्हणालो, “पौनीकरजी, वर्षाने फोन मोकळा करून मिळतो. फुकट. कंपनीने काढलं आहे.”

त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला. “सगळ्याईचा?”

“सगळ्यांचा.”

“काही अट-बिट?”

माझ्या हातात काकूंनी केलेली पोळी होती. वांग्याची भाजी होती. मी म्हणालो, “नाही.”

त्यांनी जेवण बाजूला ठेवलं, हात धुतला आणि खोक्याच्या मागे आकडे मांडायला घेतले. पहिलं वर्ष बांधलेलं, दुसरं मोकळं. बेरीज आली नऊ हजार आठशे तेवीस. म्हणजे गिऱ्हाइकाचे साडेपाचशे रुपये वाचत होते. त्यांनी बेरीज पुन्हा केली. मग माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की पाण्याचा ग्लास हिंदकळला.

“अरे, मंग तर गरिबाचा फायदा होऊन राहिला! हे तू आधी काहून नाही सांगितलं गा?”

मी खिशातून परिपत्रक काढीन की काय अशी मलाच भीती वाटली. ते शर्टाच्या खिशात होतं. त्यांनी मागितलं असतं तर मी दिलं असतं, असं मला आजही वाटतं. त्यांनी मागितलं नाही.

त्या फोनसाठी त्यांनी आपला नियमही वाकवला. पायरीवरचा फोन आमच्या सिमवरून लावू दिला. पण ते अर्धवट वाटलं असावं, म्हणून त्याच्या बदल्यात एक गोष्ट सुरू केली. प्रत्येक खोक्याच्या पाठीवर निळ्या शाईत लिहायचे: ‘एका वर्षाने मोकळा होईल.’ खाली तारीख आणि स्वतःची सही. कोणी सांगितलं नव्हतं. ‘गिऱ्हाइकाच्या हातात काही तरी पाहिजे ना,’ असं त्यांचं म्हणणं. कंपनीने न दिलेली हमी ते आपल्या नावाने देत होते आणि मी शेजारी बसून बघत होतो. एकदा पेन संपलं तेव्हा माझंच पेन मागून घेतलं.

आठ-नऊ महिन्यांत त्यांनी दीडशेच्या वर फोन विकले. त्यांचं पाहून बाकीच्या दुकानांनी ठेवले. माझी रायपूरची बदली टळली आणि कंपनीने मला एक प्रशस्तिपत्र दिलं. मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली. पेढे घेऊन मी पौनीकरजींकडे गेलो. त्यांनी पेढा आधी दुकानातल्या देवापुढे ठेवला.

वर्ष भरलं तेव्हा पहिल्या आल्या त्या सुमनबाई. कन्हानला राहायच्या, तिथल्या कामगारांना जेवणाचे डबे द्यायच्या. सगळं काम फोनवर. त्यांच्या वस्तीत आमचं नेटवर्क खराब झालं होतं. त्यांना दुसऱ्या कंपनीचं सिम घालायचं होतं. त्यांनी खोकं जपून ठेवलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. पौनीकरजींनी हे सगळं मला पुढे सांगितलं, तेव्हा पिशवीचा रंगसुद्धा सांगितला.

त्यांनी सेवा केंद्राला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की सातव्या रिचार्जनंतर तीन दिवसांचा खंड आहे, दहाव्यानंतर चार दिवसांचा. फोन मोकळा होणार नाही.

“कोनता खंड?” पौनीकरजी विचारत राहिले. “असं तं काही नव्हतं.”

मग त्यांनी मला फोन केला. मी पडद्यावर त्यांचं नाव पाहिलं आणि उचलला नाही. त्या दिवशी त्यांनी सात वेळा फोन केला. संध्याकाळी मी ‘मीटिंगमध्ये आहे’ असं लिहून पाठवलं. पुढच्या मंगळवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. महालातून जायचं झालं तर मी दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागलो.

सुमनबाईंना त्यांनी आपल्या कपाटातला मोकळा फोन काढून दिला आणि बांधलेला ठेवून घेतला. “सही माही आहे,” एवढंच म्हणाले. ही गोष्ट पसरली. मग खोकी घेऊन लोक येऊ लागले. काही हात जोडून आले, काही तसे आले नाहीत. एकाने खोकं काउंटरवर आपटलं. “म्हातारपनी चांगला धंदा शिकले हो पौनीकरजी. कंपनीनं किती देल्ले?” बोळातली माणसं ऐकत उभी होती. ज्या माणसाने आयुष्यभर दोन वर्षांचा भाव खोक्यावर लिहून दिला, त्याच्याबद्दल महालात बोललं जाऊ लागलं की त्याने कमिशन खाऊन गरिबांच्या गळ्यात फोन मारले. जिथवर कपाटात फोन होते तिथवर ते बदलून देत राहिले. मग कपाट रिकामं झालं.

धरमपेठेतल्या एका सभागृहात आमच्या कंपनीने दुकानदारांची सभा घेतली, तिला पौनीकरजी आले. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. मी मंचाच्या बाजूला उभा होतो. जेवणाआधी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा ते उठले. पिशवीतून खोकं काढलं.

“साहेब,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजाला माइक लागलाच नाही, “आमाले सांगितलं होतं का वर्षानं फोन मोकळा होईन. अट नाही म्हनून सांगितलं होतं. आता खंड-खंड म्हनून राहिले. माह्या लोकाईनं काय करावं?”

आमचे साहेब हसतमुखाने म्हणाले, “अट नाही असं कंपनीने कधीच सांगितलेलं नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?”

पौनीकरजींनी माझ्याकडे पाहिलं. नाव घेतलं नाही. पण साहेबांनी त्यांची नजर पाहिली आणि माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर विचारलं, “अविनाश, तुम्ही असं काही सांगितलं होतं?”

शंभरेक माणसं असतील. जेवणाचा वास येत होता. मी म्हणालो, “नाही सर.”

पौनीकरजी माझ्याकडे बघत राहिले. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. माझी तब्येत बरी नाही की काय, असं ते बघत होते. मग त्यांनी खोकं उलटं केलं आणि पाठीमागची निळी शाई स्वतःच एकदा वाचली.

“बरोबर आहे साहेब,” ते म्हणाले. “सही माहीच आहे.”

खोकं पिशवीत ठेवून ते बसले नाहीत. खुर्च्यांच्या रांगेतून लोकांचे पाय चुकवत, “जाऊ द्या भाऊ, जाऊ द्या,” म्हणत बाहेर पडले. न जेवता.

सहा महिन्यांत दुकान बंद झालं. तिथे आता बांगड्या आणि क्लिपा मिळतात. मलाही दोन वर्षांनी कंपनीने काढलं, एका दुपारी, पाच मिनिटांत. मी ते या हिशेबात धरत नाही. मला जे केलं ते अनोळखी माणसांनी केलं.

त्यांच्या घरी मी गेलो तो त्यानंतर आणखी वर्षभराने. धीर व्हायला एवढा वेळ लागला. दार काकूंनी उघडलं. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो, पण त्यांनी मला ओळखलं. “या,” म्हणाल्या आणि आत गेल्या त्या परत बाहेर आल्या नाहीत.

पौनीकरजी खाटेवर बसून कोणाचा तरी जुना रेडिओ उघडत होते. बारीक झाले होते. मी सगळं सांगितलं. खिशातल्या परिपत्रकासकट. बोलताना मी रडलो. ते स्क्रू काढायचा पेचकस हातात धरून ऐकत होते.

“मले मालूम होतं,” ते म्हणाले.

“केव्हापासून?”

“तू फोन नाही उचलला तेव्हापासून. खरं असतं तं उचलला असता ना.” मग आतल्या खोलीकडे बघत हळू आवाजात म्हणाले, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, “हिनं किती तरी मंगळवार दोन पोळ्या जास्त टाकल्या. मी म्हनलं, नको टाकू वं, तो नाही येत. तं म्हने, आला अन् नसल्या तं?”

मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो. त्यांनी पाय वर घेतले.

“माफी मले काहून मागून राहिला गा? मी तं समजून गेलो होतो. ज्याईले नाही समजलं त्याईले सांग. ते अजून बी मले चोर समजून राहिले. बाजारात जातो तं लोक बोलनं बंद करतात. पंचवीस वर्षं रेडिओ, वीस वर्षं फोन, अन् शेवटी हे. मले तुह्याकडून दुसरं काही नको. बोळाच्या तोंडाशी उभा राहून एवढंच म्हन का शब्द माहा होता, पौनीकरचा नव्हता. पाच मिन्टं लागतीन.”

“सांगतो,” मी म्हणालो.

“कधी?”

“तुम्ही म्हणाल तेव्हा.”

“मंग रविवारी सकाळी दहाले ये. मी दहा-पाच लोकाईले बोलावून ठेवतो. सुमनबाईले बी फोन करतो.” ते एकदम हुशारल्यासारखे झाले. पेचकस खाली ठेवला, लगेच उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि रविवारवर गोल केला. मला दारापर्यंत सोडायला आले. “चहा राहिला तुहा,” म्हणाले. “रविवारी घेऊ.”

त्या रविवारनंतर पौनीकरजी पाच महिने होते. ते गेल्याचं मला प्राध्यापकांकडून कळलं, तेही सहज बोलण्यात. मी काकूंना भेटायला गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार होतो, असं लिहायचं मनात आलं होतं, पण ते खरं नाही. भेटायला तोंड लागत नाही. हे कागदावर लिहिणं सोपं आहे, हे मला समजतं. इथे कोणी समोर उभं नाही.

रविवारी मी वेळेवर निघालो होतो. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, काय बोलायचं त्याची वाक्यं आरशासमोर म्हणून पाहिली. बायकोला सांगितलं की महालात काम आहे. पावणेदहाला मी बोळासमोरच्या रस्त्याच्या पलीकडे, एका उभ्या टेम्पोच्या आड गाडी थांबवली. मला वाटलं होतं, पाच-सहा माणसं असतील.

वीस-पंचवीस होती. पौनीकरजींनी कुठून तरी प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या आणि त्या अर्धगोलात मांडल्या होत्या. सुमनबाई पहिल्या खुर्चीवर, पदर सावरून बसलेल्या. ज्याने खोकं आपटलं होतं तो माणूसही आला होता, हाताची घडी घालून भिंतीला टेकला होता. बांगड्यांच्या दुकानातली मुलगी काम सोडून दारात आली होती. पौनीकरजी मधोमध उभे होते. धुतलेला पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. ते रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होते, कारण मी नेहमी तिकडूनच यायचो.

दहा वाजले. सव्वादहा झाले. मी गाडीची किल्ली फिरवून बंद केली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद केली. रस्ता ओलांडायला दहा पावलं लागली असती. मला वाक्यं आठवत होती. पाय मात्र जमिनीवर टेकलेले तसेच राहिले.

भिंतीला टेकलेला माणूस काहीतरी बोलला आणि दोन-चार जण हसले. खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज आला. लोक उठू लागले. सुमनबाईंनीही पिशवी उचलली.

पौनीकरजींनी दोन्ही हात वर केले. त्यांचा आवाज रस्ता ओलांडून माझ्यापर्यंत स्पष्ट आला.

“बसा गा, बसा. येतो म्हनला तो. येईन.”

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकेक करून पुन्हा बसले. मी टेम्पोच्या आडूनच गाडी वळवली.